उपचारखोलीचे उघडे दार: क्रीडावैद्यकातील लैंगिक छळाला आळा घालण्याचा इतिहास

क्रीडावैद्यक ही स्पर्शावर चालणारी शाखा आहे. ताणलेला मांडीचा स्नायू, कमरेत भरलेली उसण, निखळलेला खांदा यांतले काहीही हात लावल्याशिवाय कळत नाही आणि बरेही होत नाही. रुग्णालयातली तपासणी ठरलेल्या खोलीत, ठरलेल्या वेळी आणि परिचारिकेच्या वावरात होते. संघाचा डॉक्टर किंवा फिजिओ मात्र खेळाडूला मैदानाच्या कडेला, ड्रेसिंग रूममध्ये, सराव शिबिरात, परदेश दौऱ्यावरच्या हॉटेलात तपासतो. खेळाडूने त्याला निवडलेले नसते, संघाने नेमलेले असते. कोण खेळायला तंदुरुस्त आहे आणि कोण नाही, हा त्याचा शेरा खेळाडूचे संघातले स्थान ठरवतो. खेळाडू बहुतेक वेळा वयाने लहान, घरापासून दूर आणि दुखणे सोसायची सवय लावलेला असतो.

याच खोलीत काम करणाऱ्या स्त्रिया, म्हणजे महिला डॉक्टर, फिजिओ, ट्रेनर आणि शिकाऊ विद्यार्थिनी, दुसऱ्या बाजूने असुरक्षित असतात. त्यांच्याभोवतीचे प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि वरिष्ठ डॉक्टर दीर्घकाळ पुरुषच होते. त्यामुळे या कामाच्या ठिकाणी छळाचे दोन प्रकार दिसतात: उपचार करणाऱ्याकडून खेळाडूचा आणि संस्थेतल्या माणसांकडून उपचार करणाऱ्या स्त्रीचा. दोन्हींवरचे उपाय वेगवेगळ्या वाटांनी आले आणि फार उशिरा एकत्र झाले.

रुग्णाच्या देहाचा गैरफायदा घेऊ नये, हा दंडक वैद्यकाइतकाच जुना आहे. हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रीक शपथेत वैद्य ज्या घरात जाईल तिथल्या स्त्री-पुरुषांशी, मग ते स्वतंत्र असोत वा गुलाम, शरीरसंबंध ठेवणार नाही असे वचन आहे. दुसऱ्या शतकात पर्गमम येथे ग्लॅडिएटरांवर उपचार करणारा गॅलेन हा संघ-डॉक्टरांचा पूर्वज मानला जातो. आधुनिक क्रीडावैद्यक मात्र विसाव्या शतकातले आहे. १९२८ मध्ये सेंट मॉरिट्झच्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी या शाखेची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९५० मध्ये कॅन्सस सिटीत अमेरिकेतल्या अॅथलेटिक ट्रेनरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९५४ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन. या संस्थांनी प्रशिक्षण, दुखापती आणि पुढे उत्तेजक द्रव्ये यांवर भरपूर काम केले. स्पर्शाच्या मर्यादेचा प्रश्न त्यांनी ज्याच्या-त्याच्या सद्सद्विवेकावर सोडला. शपथ होती, पण ती पाळली जाते की नाही हे पाहणारे कोणी नव्हते.

१९७२ मध्ये अमेरिकेत शिक्षणसंस्थांतल्या लिंगभेदाला बंदी घालणारा ‘टायटल नाइन’ कायदा आला. मुलींच्या संघांची संख्या वाढली आणि त्यांच्यासोबत ट्रेनरच्या खोलीत स्त्रियाही येऊ लागल्या. कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ हा लिंगभेदाचाच प्रकार आहे, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मेरिटर सेव्हिंग्ज बँक खटल्यात दिला. म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस व्यावसायिक शपथ, शिक्षणातला कायदा आणि नोकरीतला कायदा असे तिन्ही आधार अमेरिकी विद्यापीठांजवळ होते. तरीही त्यांच्याच क्रीडा विभागांत याच काळात जे घडत राहिले, त्यावरून कायदा नुसता असण्याने काय साधते आणि काय साधत नाही हे कळते.

मिशिगन विद्यापीठात रॉबर्ट अँडरसन हा डॉक्टर १९६०च्या दशकापासून २००३ पर्यंत होता. १९७५ मध्ये एका कुस्तीगीर विद्यार्थ्याने त्याच्याविरुद्ध प्रशिक्षकाला पत्र लिहिले. त्या विद्यार्थ्यालाच संघातून जावे लागले. पुढे तक्रारी वरपर्यंत गेल्यावर अँडरसन विद्यार्थी आरोग्य केंद्रातून बाजूला झाला, पण क्रीडा विभागात मात्र राहिला. २०२२ मध्ये विद्यापीठाने सुमारे १,०५० जणांना ४९ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. ओहायो स्टेट विद्यापीठात रिचर्ड स्ट्रॉस हा डॉक्टर १९७८ ते १९९८ या काळात नोकरीस होता. त्याने किमान १७७ विद्यार्थ्यांचा छळ केला, असा निष्कर्ष विद्यापीठानेच नेमलेल्या चौकशीने २०१९ मध्ये काढला. हे विद्यार्थी पुरुष होते. त्यांत कुस्तीपटू, जलतरणपटू, जिम्नॅस्ट असे अनेक खेळाडू होते. तलवारबाजीच्या महिला प्रशिक्षिकेने त्याच्याविषयी वारंवार आवाज उठवला होता. १९९६ मध्ये आरोग्य केंद्र आणि क्रीडा विभागातले त्याचे काम थांबवले गेले; प्राध्यापकपद राहिले आणि दोन वर्षांनी तो मानाचे पद घेऊन निवृत्त झाला. दोन्ही ठिकाणी खेळाडू बोलले होते. पण ज्यांच्याकडे ते बोलले, त्यांच्या दृष्टीने डॉक्टर हलवणे हाच तोडगा होता.

खेळातला लैंगिक छळ हा अभ्यासाचा विषय होऊ लागला तो नव्वदीत, आणि त्याला प्रशिक्षकांची प्रकरणे कारणीभूत झाली. ब्रिटनचा ऑलिंपिक जलतरण प्रशिक्षक पॉल हिक्सन याला १९९५ मध्ये १७ वर्षांची शिक्षा झाली. कॅनडात आइस हॉकीचा प्रशिक्षक ग्रॅहम जेम्स याने १९९७ मध्ये गुन्हा कबूल केला. ब्रिटिश संशोधक सेलिया ब्रॅकनरिज, नॉर्वेच्या कारी फास्टिंग आणि कॅनडाच्या सँड्रा कर्बी यांनी हा विषय चिकाटीने लावून धरला. त्या काळात क्रीडासंघटना ऐकायला तयार नव्हत्या. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये खेळातल्या बालसंरक्षणासाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने लैंगिक छळ आणि अत्याचार यांवरचे पहिले सहमतीपत्र काढले. खेळाडूभोवतीच्या माणसांत डॉक्टर आणि फिजिओही येतात हे अभ्यासकांना ठाऊक होते, पण लोकांचे लक्ष प्रशिक्षकावरच होते. पांढऱ्या कोटाविषयीचा विश्वास फार खोल होता.

तो विश्वास लॅरी नासरच्या प्रकरणाने मोडला. १९८६ पासून तो अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या वैद्यकीय पथकात होता, १९९६ मध्ये राष्ट्रीय संघाचा वैद्यकीय समन्वयक झाला आणि १९९७ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठाचा संघ-डॉक्टर. त्याच वर्षी त्याच्याविषयीची तक्रार विद्यापीठाच्या एका प्रशिक्षिकेपर्यंत पोचली होती. ती तिथेच थांबली. टेक्सासमधल्या राष्ट्रीय शिबिरात तो मुलींना त्यांच्या राहत्या खोल्यांत एकटा तपासत असे. कधी मुलीची आई त्याच खोलीत बसलेली असे आणि तो तिच्या नजरेआड येईल असा उभा राहून अत्याचार करत असे. घरचे माणूस सोबत असणे म्हणजे सुरक्षितता, ही समजूत त्यामुळे खोटी ठरली. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलेच होते की, खासगी अवयवांच्या तपासणीच्या वेळी हजर राहणारी व्यक्ती शक्यतो प्रशिक्षित आरोग्यकर्मी असावी. नातेवाईक किंवा मित्र हा तटस्थ साक्षीदार नव्हे. काय चालले आहे ते ओळखण्यासाठी उपचाराची पद्धत ठाऊक असावी लागते.

या प्रकरणातले २०१४ हे वर्ष नीट पाहण्याजोगे आहे. एका तरुणीने मिशिगन स्टेट विद्यापीठाकडे रीतसर तक्रार केली. ‘टायटल नाइन’खाली चौकशी झाली. उपचार योग्य होता की नाही हे ठरवण्यासाठी चार वैद्यकीय तज्ज्ञांचे मत घेतले गेले. चौघेही त्याच विद्यापीठाशी संबंधित आणि नासरला ओळखणारे होते. उपचार वैद्यकीयदृष्ट्या योग्य होता, असा निकाल लागला. तक्रारदार तरुणीला दिलेल्या अहवालातून काही निष्कर्ष वगळले होते. त्यानंतर ऑस्टियोपॅथी महाविद्यालयाचा अधिष्ठाता विल्यम स्ट्रॅम्पेल याने नासरला अटी घातल्या: नाजूक भागाजवळच्या उपचाराच्या वेळी खोलीत दुसरी व्यक्ती हवी, उघड्या त्वचेला स्पर्श शक्य तितका टाळायचा, उपचार आधी समजावून सांगायचा. या अटी वाचल्या तर आजच्या उत्तम नियमावलीतल्याच वाटतात. पण दवाखान्यातल्या सहकाऱ्यांना त्या कोणी सांगितल्या नाहीत आणि त्या पाळल्या जातात की नाही हे कोणी पाहिले नाही. ज्याच्यावर लक्ष ठेवायचे, त्याच्यावरच नियम पाळण्याची जबाबदारी टाकली होती. विद्यापीठाच्या पोलिसांचा तपास संपण्याआधीच नासर पुन्हा रुग्ण तपासू लागला.

स्ट्रॅम्पेलचे पुढे काय झाले तेही याच इतिहासात बसते. आपल्या महाविद्यालयातल्या विद्यार्थिनींशी त्याचे वागणे आणि बोलणे लैंगिक छळाचे होते, अशा तक्रारी पुढे आल्या. २०१९ मध्ये पदाचा गैरवापर आणि कर्तव्यात हेतुपुरस्सर कसूर या गुन्ह्यांत तो दोषी ठरला आणि त्याला एक वर्षाची कैद झाली. वैद्यकीय विद्यार्थिनींना छळणारा माणूस खेळाडू मुलींच्या रक्षणाचे नियम राबवण्याच्या जागी बसला होता. उपचार करणाऱ्या स्त्रीचा छळ आणि खेळाडूचा छळ हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, याचा एवढा स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

२०१५ च्या उन्हाळ्यात एका प्रशिक्षिकेच्या कानावर मुलींचे बोलणे पडले आणि महासंघापर्यंत तक्रार गेली. जुलैमध्ये ती एफबीआयकडे पोचली. तिथे वर्षभर काही हालचाल झाली नाही. त्या काळात आणखी सुमारे ७० जणींवर अत्याचार झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये इंडियानापोलिस स्टार या वृत्तपत्राने रेचेल डेनहॉलँडर यांची नावानिशी तक्रार छापली, तेव्हा साखळी तुटली. जानेवारी २०१८ मध्ये न्यायाधीश रोझमेरी अॅक्विलिना यांच्या न्यायालयात सात दिवस दीडशेहून अधिक स्त्रिया आणि मुली बोलल्या. नासरला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. विद्यापीठाला भरपाईपोटी ५० कोटी डॉलर मान्य करावे लागले, महासंघ आणि अमेरिकी ऑलिंपिक समितीकडून ३८ कोटी, आणि २०२४ मध्ये एफबीआयच्या हलगर्जीपणासाठी सरकारकडून १३.८७ कोटी.

यातून नियम बदलले. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी अमेरिकेत सेफ स्पोर्ट कायदा झाला. २०१७ मध्ये डेन्व्हरला सुरू झालेल्या सेफस्पोर्ट केंद्राला त्याने कायद्याचे बळ दिले आणि अल्पवयीन खेळाडूवरच्या अत्याचाराचा संशय तातडीने कळवणे त्यांच्यासोबत काम करणाऱ्या प्रौढांवर बंधनकारक केले. २०१९ पासून लागू झालेल्या आणि पुढे कडक केलेल्या नियमावलीत मसाज आणि वैद्यकीय उपचारांसाठी वेगळे कलम आहे. उपचार दुसऱ्याला दिसेल आणि कोणीही येऊन थांबवू शकेल अशा जागी व्हावा, खोलीत दुसरी प्रौढ व्यक्ती हजर असावी, खेळाडूचे अंग नीट झाकलेले असावे आणि पालकांची लेखी संमती दरवर्षी घेतली जावी. सगळा भर उपचार लपून होऊ नये यावर आहे. शपथ माणसाच्या मनावर विसंबते. ही नियमावली खोलीच्या रचनेवर विसंबते, आणि ते अधिक शहाणपणाचे आहे.

तक्रार कोणाकडे जाते हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठात जलतरणाच्या खेळाडू मुलींनी २००९ मध्येच क्रीडावैद्यक विभागाचा प्रमुख ट्रेनर स्कॉट शॉ याच्याविरुद्ध तक्रार केली होती. अंतर्गत चौकशीने त्याचा स्पर्श उपचाराचाच भाग मानला. त्यांच्या प्रशिक्षकाने कागद जमवत दहा वर्षे पाठपुरावा केला. २०२१ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याशी झालेल्या करारात विद्यापीठाने १६ लाख डॉलर मान्य केले. तक्रार लावून धरणाऱ्या कर्मचाऱ्यांवर सूड उगवला गेला, असेही खात्याने नोंदवले. २०१४ चे मिशिगन स्टेट आणि २००९ चे सॅन होजे, दोन्हीकडे ‘हा उपचार आहे’ हे शब्द पुरेसे ठरले. उपचार की अत्याचार हे ठरवणारा तज्ज्ञ त्या संस्थेबाहेरचा असला पाहिजे, हा धडा याच दोन चौकशांचा आहे.

संघासोबत काम करणाऱ्या स्त्रियांची बाजू जगाला दिसली ती लंडनमध्ये. ८ ऑगस्ट २०१५ रोजी चेल्सी आणि स्वान्सी यांच्या सामन्यात रेफ्रीने बोलावल्यावर संघाच्या डॉक्टर इव्हा कार्नेरो जखमी खेळाडूकडे धावल्या. नियमानुसार खेळाडूला काही क्षण बाहेर जावे लागले आणि आधीच दहा जणांवर आलेला संघ नऊ जणांवर आला. व्यवस्थापक जोझे मोरिन्यो यांनी वैद्यकीय पथकाला जाहीरपणे दोष दिला. कार्नेरो यांना सामन्याच्या बाकावरून हटवले गेले आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी क्लब सोडला. फुटबॉल असोसिएशनने मोरिन्यो यांची भाषा भेदभावाची नसल्याचे ठरवले. कार्नेरो कामगार न्यायाधिकरणाकडे गेल्या. त्यांच्या दाव्यात लिंगभेदासोबत प्रेक्षकांच्या अश्लील घोषणांचा आणि क्लबने पाठीशी उभे न राहिल्याचाही मुद्दा होता. जून २०१६ मध्ये तडजोड झाली. त्या नियमानुसारच वागल्या होत्या हे मान्य करून क्लबने बिनशर्त माफी मागितली. खेळाडूच्या प्रकृतीचा निर्णय घेणारी स्त्री संघाच्या निकालापुढे किती एकटी पडते हे त्यात दिसले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी शिक्षण आणि वैद्यक क्षेत्रांतल्या छळावर सविस्तर अहवाल काढला. छळ होईल की नाही याचा सर्वांत मोठा सूचक म्हणजे संस्थेचे वातावरण, असे त्यात म्हटले आहे: तक्रारीची दखल घेतली जाते असे लोकांना वाटते की नाही, हे. २०२० मध्ये अमेरिकन मेडिकल सोसायटी फॉर स्पोर्ट्स मेडिसिनने खेळातल्या लैंगिक हिंसेवर आपली भूमिका जाहीर केली.

भारतात या प्रश्नाची वाट वेगळी आहे आणि तिच्यावरचे तीन महत्त्वाचे टप्पे महाराष्ट्र-गोव्याशी जोडलेले आहेत. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले. उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रानंतर देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. त्या बदलात पोलीस कोठडीसोबत रुग्णालयाचाही विचार होता: रुग्णालयाच्या व्यवस्थापनातील किंवा सेवेतील माणसाने तिथल्या स्त्रीशी पदाचा फायदा घेऊन ठेवलेला शरीरसंबंध गुन्हा ठरला. उपचार करणाऱ्याच्या हातातली सत्ता आपल्या कायद्याने तेव्हा ओळखली.

१९९२ मध्ये राजस्थानात भंवरीदेवींवर झालेल्या अत्याचारातून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीचे सर्वोच्च न्यायालयाचे १९९७ चे विशाखा निर्देश आले. ते कागदावरच राहिल्याचे पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी पत्राने सर्वोच्च न्यायालयाच्या नजरेस आणले. त्या पत्राची याचिका झाली आणि १९ ऑक्टोबर २०१२ च्या निकालात न्यायालयाने राज्यांबरोबरच वकील, डॉक्टर, वास्तुविशारद यांच्या वैधानिक परिषदांनाही हे निर्देश पाळले जातील हे पाहायला सांगितले. मेडिकल कौन्सिलचे नाव त्यात स्पष्ट आहे.

९ डिसेंबर २०१३ पासून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, म्हणजे ‘पॉश’, लागू झाला. त्याच्या ‘कामाचे ठिकाण’ या व्याख्येत रुग्णालये आणि शुश्रूषागृहे आहेत; क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागाही आहे, निवासी असो वा नसो. संघाची उपचारखोली त्यामुळे दोन्ही बाजूंनी या कायद्यात येते. तक्रार करणारी स्त्री तिथे नोकरीला असलीच पाहिजे असे नाही. म्हणून फिजिओ जशी तक्रार करू शकते तशीच शिबिरातली खेळाडूही. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा. त्याहून लहान ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची. बाहेरच्या सदस्याची ही अट मोलाची आहे. मिशिगन स्टेटच्या चौकशीत नेमके तेच नव्हते.

जानेवारी २०२३ मध्ये महिला कुस्तीपटू लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या तेव्हा हा कायदा अनेक क्रीडा महासंघांपर्यंत पोचलेलाच नाही हे उघड झाले. तपासात नोंदलेल्या काही तक्रारींत श्वास तपासण्याच्या बहाण्याने स्पर्श केल्याचा आरोप आहे. तो खटला न्यायालयात आहे. १२ मे २०२३ रोजी गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात, ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य, निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने एका वृत्ताचा दाखला दिला: देशातल्या ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ महासंघांनी समितीच नेमलेली नाही. न्यायालयाने ही गोष्ट अत्यंत खेदजनक मानली आणि सर्व सरकारी संस्थांत समित्यांची पडताळणी करायला लावली. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांसाठी सुरक्षित क्रीडा धोरण आणले.

पुरुष खेळाडूंच्या बाबतीत भारतीय कायद्यात मोठी पोकळी आहे. पॉश कायदा फक्त स्त्रियांसाठी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे संरक्षण आहे. प्रौढ पुरुषावरच्या अत्याचारासाठी पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ वापरता येत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसे कलम नाही. ओहायोच्या १७७ जणांसारखी तक्रार घेऊन एखादा प्रौढ कुस्तीगीर आज पुढे आला, तर त्याच्यासाठी लैंगिक अत्याचाराचे स्वतंत्र कलम भारतीय कायद्यात नाही. ते करणे संसदेच्या हातात आहे आणि ते लवकर व्हायला हवे.